‘बरं’ कुठल्या रकान्यात

“‘बरं’ला होकारात टाकू नकोस,” असं मगदूम काकूंनी मला सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याच ओट्याशी उभी राहून त्यांनीच केलेली आंबोळी खात होते. आणि मी हसले होते.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रेवा तेव्हा पोटातही नव्हती. मराठीत एम. ए. होऊन मी घरी बसले होते आणि सांगलीच्या एका कंपनीत यंत्राला मराठी शिकवायचं काम मिळालं होतं. काम सोपं होतं. लोकांच्या बोलण्याच्या फिती ऐकायच्या आणि शब्दांपुढे खुणा करायच्या. माझ्या वाट्याला परवानगीची यादी आली होती. यंत्राने काही विचारलं आणि माणसाने उत्तर दिलं, तर ते उत्तर कुठल्या रकान्यात जातं ते ठरवायचं. रकाने दोनच होते, होकार आणि नकार. हो, होय, चालेल, हरकत नाही, घ्या की, हे एकीकडे. नाही, नको, राहू दे, आत्ता नाही, हे दुसरीकडे. सगळं भराभर चाललं होतं आणि ‘बरं’वर येऊन मी अडले होते.

काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं लघुलेखिका होत्या. साक्षीदार बोलायचा, काकू लिहायच्या. म्हणून सहज त्यांना विचारलं.

“साक्षीदार वकिलाला ‘बरं’ म्हणाला की साहेब माझ्याकडं हात करायचे,” काकू म्हणाल्या. “म्हणजे, थांबा, हे लिहू नका. मग त्याला विचारायचे, बरं म्हणजे काय? हो का नाही? निम्म्या वेळा तो ‘नाही’ म्हणायचा. बरं म्हणजे ऐकलं, केतकी. एवढंच.”

मी म्हटलं, काकू, तिसरा रकानाच नाहीये. मग मागून घे की, असं त्या म्हणाल्या. यादी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. कंपनीत जाऊन मी पुन्हा फिती ऐकल्या. दहांपैकी सात वेळा ‘बरं’ म्हणणाऱ्याने पुढे ते काम करू दिलं होतं. सात म्हणजे पुष्कळ झाले. मी ‘बरं’ होकारात टाकलं आणि घरी आले. उरलेले तिघे कोण, असा विचार माझ्या मनात आला नाही. यादी कशासाठी लागणार तेही आम्हाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, गॅसची टाकी नोंदवायला असेल.

यादी कशाला लागली ते सांगायचं, तर आधी स्वरमापक म्हणजे काय ते सांगायला हवं.

आम्ही मिरजेत, तंतुवाद्यांच्या गल्लीमागे राहतो. इथल्या कुणालाही विचारा. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानशीने कणभर घासली, की तारेचा सूर तोच राहतो पण झंकार बदलतो. त्याला जवारी म्हणतात. माणसाच्या गळ्यालाही तशीच जवारी असते. स्वरयंत्राचे स्नायू ज्या मज्जातंतूवर चालतात तो मेंदूतून निघून थेट काळजाकडे, पोटाकडे जातो. झोप नसली, मन खचलं, भीती बसली, की त्या स्नायूंची थरथर बदलते. आपल्या कानाला ते कळत नाही, स्वरमापक यंत्राला कळतं. बाळंतपणानंतर एखादी बाई खचून स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवावर उठण्याइतकी अंधारात जात असेल, तर तिच्या चाळीस सेकंदांच्या बोलण्यावरून ते काही आठवडे आधी ओळखता येतं, असं शोधून काढणाऱ्यांनी सिद्ध केलं. शंभरात नव्वद वेळा यंत्र बरोबर ठरत होतं.

नव्वद हा आकडा ऐकून सगळे खूश झाले. मीही झाले होते. पण हजार बाळंतिणींत खरोखर त्या टोकाला जाणाऱ्या समजा दोघी असतात. यंत्र त्या दोघींना बहुतेक पकडेल. उरलेल्या नऊशे अठ्ठ्याण्णव जणींत मात्र ते शंभरात दहा वेळा चुकेल. म्हणजे दोघींसाठी शंभर जणींच्या नावापुढे लाल खूण. सरकारने कायदा केला, की लाल खूण आली तर बाळ एकवीस दिवस संगोपन केंद्रात ठेवायचं. त्यातली आई कुठली, दोघींतली की शंभरांतली, ते नंतर बघायचं.

सुरुवातीला ही चाचणी दवाखान्यात सक्तीची होती. शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं बाळ नेलं, तेव्हा ती कोर्टात गेली. प्रकरण चढत चढत पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे पोचलं. सरकारचं म्हणणं होतं, की आवाज हा बोटाच्या ठशासारखा आहे, आम्ही तिला काही कबूल करायला लावलेलं नाही. न्यायालयाने म्हटलं, ठसा बोटाचा असतो. आवाजातून मन बाहेर येतं, आणि जे मन तिने सांगितलेलं नाही ते काढून घेणं म्हणजे तिला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं. आरोपीला जो गप्प राहण्याचा हक्क आहे तो कुठलाही आरोप नसलेल्या आईला नाही, असं राज्यघटना म्हणू शकत नाही. चाचणी करायची तर संमती हवी, आणि ती ‘स्पष्ट, स्वतःच्या भाषेत, उच्चारून दिलेली’ हवी.

मला तेव्हा सातवा महिना होता. आम्ही पेढे आणले. काकूंनी दोनशे बारा पानांचा निकाल पेन्सिल घेऊन वाचला. बाळ ताब्यात घ्यायचा सरकारचा अधिकार न्यायालयाने तसाच ठेवला होता, तिथे त्यांनी एक रेघ मारली. दुसरी रेघ एका छोट्या परिच्छेदापाशी होती. सार्वजनिक ठिकाणी स्वतःहून बोललेल्या आवाजाला हे संरक्षण नाही, असं तिथे लिहिलं होतं.

“निकाल चांगला आहे,” काकू म्हणाल्या. “आता ‘उच्चारून’ म्हणजे काय, ते कोण ठरवतंय तेवढं बघायचं.”

मी पेढा खाल्ला.

काकूंची मुलगी ज्योत्स्ना बाळंतपणाला माहेरी आली होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, शाळेत गणित शिकवणारी, कुणाला दुखवायला नको म्हणून भाजी खारट झाली तरी दुसऱ्यांदा वाढून घेणारी. तिचा मुलगा सात आठवड्यांचा होता. नाव अजून ठेवलं नव्हतं. काकू त्याला ‘साहेब’ म्हणायच्या. तो रडायला लागला की म्हणायच्या, साहेब आसनावर आले, कामकाज सुरू.

दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी सकाळी मी रेवाला घेऊन त्यांच्याकडेच बसले होते. काकू न्हाणीत पाटावर पाय पसरून साहेबांना न्हाऊ घालत होत्या. ज्योत्स्ना पंचा धरून दारात उभी होती आणि तिचा फोन वाजला. खांद्याने कानाशी दाबून तिने तो घेतला. पलीकडे ‘स्वरसखी’ होती. चाचणी करणाऱ्या सरकारी कक्षाच्या यंत्राला असं गोड नाव दिलंय. मला इथवर ऐकू येत होतं. कशा आहात ज्योत्स्नाताई, बाळ कसंय, झोप होते का. आणि मग त्याच सुरात, आवाजावरून तुमच्या तब्येतीचा अंदाज घेऊ का?

“बरं,” ज्योत्स्ना म्हणाली. “एक मिनिट हं, आई, त्याच्या कानात पाणी जातंय.”

मग ती बोलत राहिली. साहेबांचं दूध, साहेबांची सर्दी. चाळीस सेकंद सहज झाले असतील. मला ते ‘बरं’ तेव्हाच ऐकू यायला हवं होतं. आलं नाही. मी रेवाचा लाळेरा बदलत होते.

सव्वादोनला संगोपन केंद्राची पांढरी गाडी आली. दोघी बायका होत्या. त्यातल्या धाकटीने चपला दाराबाहेर काढल्या, हे मला अजून आठवतं. आवाज ऐकून मी रेवाला खांद्यावर टाकून जिन्यात आले. काकू त्यांना निकाल सांगत होत्या, पानाच्या आकड्यासकट. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. त्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हातातल्या पडद्यावर बोट ठेवलं. पाण्याचा आवाज आला. त्यावर ज्योत्स्नाचं ‘बरं’.

“ह्यात हो कुठं आहे?” काकूंनी विचारलं.

मुलीने पडदा त्यांच्याकडे फिरवला. शब्दापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, होकार. काकू, यंत्रात तसंच आहे, असं ती म्हणाली. तिचंही खरंच होतं.

काकूंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी रेवाच्या पाठीवर थोपटत राहिले, ती झोपलेली होती तरी.

ज्योत्स्नाने आरडाओरडा केला नाही. त्याला एकदा पाजू द्या म्हणाली, त्यांनी पाजू दिलं. मग तिने दुपटी घडी करून पिशवीत भरली, काजळाची डबी ठेवली, आणि त्याला डाव्या कुशीवर झोप लागते असं सांगितलं. मुलीने ते लिहून घेतलं. परत कधी, असं ज्योत्स्नाने विचारलं. एकवीस दिवसांनी फेरतपासणी, तेव्हा खूण लाल नसली तर.

“बरं,” ज्योत्स्ना म्हणाली.

त्या दिवसापासून माझा आवाज माझा राहिला नाही. रेवाला अंगाई म्हणताना मी मध्येच थांबायची. जवारी बिघडलीय का? आपल्याला कळणार कसं? स्वरसखीचा फोन मलाही येत होता. तीनदा मी तो उचलला नव्हता. न उचललेल्या चार फोनांनंतर घरी माणूस येतो, अशी बातमी होती. मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवायला लागले. गल्लीत पांढरी गाडी थांबली की रेवाला घेऊन मोरीत जाऊन उभी राहायची. मला झोप नव्हती, आणि झोप नसल्याची थरथर गळ्यात उतरते हे माहीत होतं, म्हणून आणखी झोप येत नव्हती. जी भीती मोजायची ती यंत्र आधी स्वतःच पेरतं, हे मला उशिरा कळलं.

सुहास, माझा नवरा, ढालगावच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीला असतो. पाच दिवस तिकडे, दोन दिवस घरी. त्याला फोनवर सगळं सांगितलं. ‘बरं’ मी होकारात टाकलं हेही. त्याच्या मागे पात्यांची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाला, की तू यादी केलीस, कायदा केला नाहीस. कंपनीच्या कागदावर सही आहे तुझी, बाहेर काही सांगायचं नाही अशी. आणि रेवाचा विचार कर.

“केतकी,” तो मग म्हणाला, “तुझा आवाज असा का येतोय?”

मी फोन बंद केला. सुहासला वाईट वाटलं असेल. पण मला त्या क्षणी तोही यंत्रासारखाच वाटला.

पुढच्या गुरुवारी काकू वर आल्या. चहा नको म्हणाल्या. सांगलीच्या कोर्टात अर्ज केलाय, सोमवारी सुनावणी आहे. वकील म्हणतात, ‘बरं’ होकारात कुणी आणि कसं टाकलं हे सांगणारं माणूस उभं राहिलं, तर ज्योत्स्नाची संमती संमतीच ठरत नाही. साहेब त्याच दिवशी घरी येतील. आणि नुसते आमचे साहेब नाहीत, असं त्या म्हणाल्या. जिथं जिथं बाई ‘बरं’ म्हणाली असेल, तिथं तिथं.

नुसतं लेखी देऊन चालेल का, असं मी विचारलं. चालणार नव्हतं. उलटतपासणी होते, तोंडानेच बोलावं लागतं. उघड्या न्यायालयात, ध्वनिमुद्रण चालू असताना. काकूंनी ती पेन्सिलची दुसरी रेघ मला पुन्हा सांगितली नाही. मला ती पाठ होती. उघड्या न्यायालयातला आवाज हा सार्वजनिक आवाज. तो तपासायला कुणाची संमती लागत नाही. मी चार महिन्यांच्या मुलीची आई आहे आणि आठवडाभर झोपलेली नाही.

“तुला बोलायला मी लावणार नाही,” काकू म्हणाल्या. “निकालातच आहे तसं. तुला गप्प राहायचा हक्क आहे.”

“बरं,” मी म्हणाले.

तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. काकू थांबल्या. एकतीस वर्षं त्यांनी तो शब्द ऐकला होता, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. “बरं,” त्याही म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

चौथा फोन त्याच संध्याकाळी आला. मी डब्यातून काढला, तांदूळ पुसले आणि उचलला. कशा आहात केतकीताई, बाळ कसंय. आवाजावरून तुमच्या तब्येतीचा अंदाज घेऊ का?

“नाही,” मी म्हणाले.

धन्यवाद ताई, असं म्हणून तिने फोन ठेवला. इतकंच. ‘नाही’ नकाराच्या रकान्यात पहिल्या ओळीवर आहे, तो मीच लिहिलाय. मला सुटायला सहा सेकंद लागले, कारण दार कुठे आहे ते मला ठाऊक होतं. आपल्याकडे कुठली लेक, कुठली सून, गोड बोलणाऱ्या परक्या बाईला तोंडावर ‘नाही’ म्हणते? आपण ‘बरं’ म्हणतो आणि मग करत नाही. नकार द्यायची आपली रीतच ती. मी मराठीत एम. ए. आहे, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, मी खाली गेले. काकू वकिलाकडे गेल्या होत्या. ज्योत्स्ना पलंगावर तोच पंचा मांडीवर घेऊन बसली होती. घडी करायची, मोडायची, पुन्हा करायची. तिचं दूध आटत चाललं होतं, ब्लाउज मात्र ओला होता. जेवलीस का, विचारलं. बरं. चहा टाकू का? बरं. मी चहा केला, तो तिच्यापुढे गार झाला.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “केतकी, मी त्याला काही केलं असतं का गं? मला कळलं नाही आणि यंत्राला कळलं, असं असेल का?”

गणित शिकवणारी मुलगी ती. दोघी आणि शंभर, हा हिशेब तिने वर्गातल्या पोरांना फळ्यावर चुटकीसरशी करून दाखवला असता. ती शंभरांतली होती. आम्ही आठ दिवसांत तिला उचलून त्या दोघींत नेऊन बसवत होतो.

मी तिला सगळं सांगितलं. आंबोळी, यादी, दोन रकाने, संध्याकाळपर्यंत द्यायची घाई. मी सोमवारी कोर्टात बोलणार आहे, हेही सांगितलं. ते मी ठरवल्याचं मलाही तेव्हाच कळलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बरं,” ती म्हणाली.

“बरं म्हणजे?” मी विचारलं. दोन वर्षं उशिरा, पण विचारलं. तिने पंच्याची घडी केली.

आज रविवार आहे. दुपारचे तीन वाजलेत, रेवा पाळण्यात आहे आणि मी हे लिहिते आहे. बोलत नाही, लिहिते, कारण अक्षरांना जवारी नसते. सुहास काल रजा टाकून आला. तो माझ्यावर रागावलेला आहे. रेवाची पिशवी मात्र त्याने मला न विचारता भरली, उद्या तो तिला घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात बसेल. मी साक्ष द्यायला उभी राहीन. माझा आवाज थरथरणार, ते मला आत्ताच माहीत आहे. यंत्र काय म्हणेल तेही जवळजवळ माहीत आहे. मला फार भीती वाटते. सव्वादोनची गाडी कुणाच्या दाराशी थांबेल, हा विचार मी वाक्यावाक्याला बाजूला सारते आहे.

पण हे त्यासाठी लिहिलेलं नाही. उद्या मी आणि काकू सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत सांगलीला असू. काकूंनी अर्ज केलाय, त्यांना जावंच लागेल. ज्योत्स्ना येणार नाही म्हणते. तिला आता कुणासमोर तोंड उघडायचं नाहीये. तिच्या नवऱ्याची रेल्वे परवा पहाटे पोचेल. म्हणजे उद्याचे सात तास ती त्या घरात एकटी आहे.

म्हणून, हे वाचणारं कुणी मिरजेत असेल तर तंतुवाद्यांच्या गल्लीमागे या. पहिला मजला, दारावर ‘मगदूम’ अशी पितळी पाटी आहे. फोन करू नका, ती उचलत नाही. घंटीही वाजवू नका, ती दचकते. दारावर हाताने थाप मारा. ती उघडेल, दारात आलेल्याला ती परत पाठवत नाही. कशी आहेस विचारलंत तर म्हणेल, बरी आहे.

तेवढ्यावर जिना उतरू नका. पुन्हा विचारा.